शेवटचा बदल : लॅपटॉपवरून

येलदरीहून निघाले तेव्हा माझ्या फोनमध्ये तीन बायांचं बोलणं होतं. परभणीला खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला, तर एकीचंच उरलं होतं.

ती पहिली वेळ होती, म्हणून मी स्वतःलाच दोष दिला. वाटलं, घाईत बटण दाबायचं राहिलं असेल. असल्या वस्तू हाताळायची सवय मला उशिरा लागली. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं काही बिघडलं की आधी मलाच अपराध्यासारखं होतं, मशीनवर मी संशय घेत नाही. माणसावर घेते, हे मला त्यानंतरच्या महिन्यात कळलं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. समाजशास्त्राचा प्रकल्प करायचा होता. माझा विषय होता येलदरीच्या धरणावर मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायांचं दिवसभराचं काम. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कमीत कमी पंधरा बायांशी स्वतः जाऊन बोलायचं, प्रत्येकीचं वेगळं टिपण पाहिजे, चौदा झाली तर मी प्रकल्प घेणार नाही. प्रकल्प नाही तर वर्ष नाही. हे घरी समजावून सांगणं अवघड होतं. एकदा वडिलांना फोनवर सांगून पाहिलं तर ते म्हणाले, "पण पेपर तर देणारेस ना तू? मग कशाला घाबरायलीस?"

टिपणं मी आधी वहीतच घ्यायचं ठरवलं होतं. पण पाण्याच्या कडेला जाळी दुरुस्त करत बसलेल्या बायांसमोर वही काढली की त्या गप्प व्हायच्या. एकीनं तोंडावर विचारलं, "कसली यादी करायलीस? आमचं नाव कशाला पायजे?" फोन हातात असला की कुणाला काही वाटत नव्हतं. हल्ली सगळ्यांच्याच हातात फोन असतो. म्हणून माझ्या रूममेटनं मला टिपणांचं एक अ‍ॅप घालून दिलं. फोनवर लिहायचं, ते आपोआप वर जातं, आणि तिच्या लॅपटॉपवर तेच उघडून नीट टाईप करता येतं. लॅपटॉप माझ्याकडं नव्हता. तिच्या थोरल्या भावानं तिला घेऊन दिला होता, आणि तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "लागल तेव्हा घेत जा, इचारत बसू नको."

ती मानवतकडची. तिचा प्रकल्प तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायांवर होता. ती मला मासेवाली म्हणायची, मी तिला कापूसवाली. एकाच सरांकडं दोघींचा प्रकल्प, एकाच खोलीत दोघींच्या गाद्या, एकच गॅस. स्वयंपाक तिला चांगला यायचा, मला भांडी घासायला आवडायचं. असं आमचं बरं चाललं होतं.

माझी पद्धत साधी होती. दर रविवारी सकाळच्या एसटीनं जिंतूर, तिथून जीपनं येलदरी. जिंतूर सोडलं की थोड्या वेळानं फोनची रेंज जायची, पण त्यानं बिघडत नव्हतं, टिपण फोनमध्ये राहायचं. अ‍ॅपमध्ये मी प्रत्येक रविवारचं वेगळं फोल्डर करायचे. एका बाईशी बोलणं झालं की बाजूला जाऊन बाभळीखाली बसायचं, वर श्री लिहायचं आणि खाली तिचं बोलणं आठवेल तसं उतरवायचं. हे श्री लिहिणं वडिलांचं. ते चौथी शिकले. दुकानात पेन घेताना शाई उतरते का पाहायलासुद्धा ते कागदावर श्रीच लिहितात. फोनवर माझं बोट तेच करायचं. संध्याकाळी खोलीवर आले की घरमालकांचं वायफाय लागायचं आणि टिपणं वर जायची. माझा डेटा वाचावा म्हणून मी अ‍ॅपला वायफाय मिळाल्याशिवाय काही पाठवू नको असं लावून ठेवलं होतं.

पहिल्या रविवारी मी एकाच बाईजवळ दिवसभर बसले. ते टिपण व्यवस्थित राहिलं. दुसऱ्या रविवारी तिघींशी बोलले आणि दोन गेली. मग घटक चाचण्या आल्या, दोन रविवार त्यात गेले. त्यानंतर चौघींशी बोलून आले, आणि तीन गेली.

आता मात्र मला बटणाची शंका घेता येईना. जीपमध्ये बसून मी चारही टिपणं वाचली होती. एका बाईनं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून नवऱ्याबरोबर जाळं सोडायला जाते असं सांगितलं होतं आणि लगेच, "हे लिहू नको, सासू वाचंल," असंही म्हणाली होती. सासूला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी हसलो होतो. ते टिपण मी जीपमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं. खोलीवर आल्यावर ते फोनमध्येही नव्हतं आणि लॅपटॉपवरही नव्हतं. फोल्डरमध्ये एकटंच शेवटच्या बाईचं टिपण बसलं होतं.

"अगं, तुझा फोन भरला असल," रूममेट म्हणाली. "किती फोटो ठेवलेस बग की."

मी फोटो काढून टाकले. बॅटरी वाचवायची सोय बंद केली. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहिली, कारण वर्गातल्या एकीनं सांगितलं की वेळ मागं असली की असं होतं. वेळ बरोबर होती. फोन बंद करून चालू केला, हे तर मी दिवसातून चारदा करत होते. तिसऱ्या खेपेला, म्हणजे चौथ्या रविवारी, जिंतूरच्या बसस्टँडवर अ‍ॅप उघडलं की आपोआप मिटायला लागलं. उघडायचं, पांढरं व्हायचं, मिटायचं. मी घाबरून त्याच वर्गमैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "काढून टाक आणि परत घाल. सगळं परत येतं." मी बाकड्यावर बसून अ‍ॅप काढलं, परत घातलं. सगळं परत आलं. फक्त त्या दिवशीची चार टिपणं आली नाहीत, कारण ती अजून वर गेलीच नव्हती. ती चूक माझी होती आणि ती मला त्याच क्षणी कळली. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी विचारलंसुद्धा, "काय झालं लेकी, गाडी हुकली का?"

बारा बायांशी बोलून झालं होतं आणि हातात तीन टिपणं होती.

सोमवारी मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेले. तिथले सहायक वयानं मोठे आहेत, आम्ही त्यांना लॅबवाले सर म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझा फोन उलटासुलटा केला आणि मग त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडायला लावलं.

"हे बघा ताई," ते म्हणाले, "तुमच्या फोनला कायी झालं न्हाई. इथं लिवून येतं." त्यांनी तिसऱ्या रविवारच्या उरलेल्या टिपणावर बाण नेला. खाली बारीक अक्षरं आली. शेवटचा बदल : लॅपटॉपवरून. पुढं तारीख आणि वेळ, सहा चाळीस.

"लॅपटॉप कुणाचा?"

"मैत्रिणीचा."

"मग मैत्रिणीला इचारा. मशीन उगंच कुणाचं नाव घेत नसतंय."

सहा चाळीसला मी काय करत होते ते मला पक्कं आठवत होतं. त्या रविवारी साडेसहाला खोलीवर येऊन मी फोन गादीवर टाकला होता आणि खाली नळावर हातपाय धुवायला गेले होते. पायाला माशांचा वास आणि गाळ. वर ती एकटी होती. लॅपटॉप उघडा होता, कारण तो दिवसभर उघडाच असायचा.

लॅबपासून खोलीपर्यंत चालत यायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मी सगळं जुळवून टाकलं. सरांनी वर्गात सांगितलं होतं की सगळ्यांत चांगला एक प्रकल्प ते विद्यापीठाच्या स्पर्धेला पाठवणार आहेत. आमच्या दोघींचेच विषय त्यांनी दोनदा वाखाणले होते. तिची टिपणं कधी जात नव्हती. अ‍ॅप तेच, लॅपटॉप तोच, वायफाय तेच, आणि जायची ती फक्त माझी. आणि एक गोष्ट तर मला त्या क्षणी अगदी पुराव्यासारखी वाटली. काही दिवसांपूर्वी भाकरी थापताना ती म्हणाली होती, "तुझ्या त्या जाळं इणणाऱ्या आजीला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई ना गं? मग गाठी कशा मारती?" ती आजी दुसऱ्या रविवारची. तिचं टिपण तर गेलेलं होतं. मग हिला डावा डोळा कुठून कळला?

त्या दिवसापासून मी तिच्याकडं बघायला लागले. आधीही बघत होतेच, पण आता मोजून बघायला लागले. मी आत आल्यावर तिनं लॅपटॉपचा पडदा थोडा खाली केला तर का केला. फोनवर हसली तर कशाला हसली. मी भांडी घासताना पाणी बंद करून ऐकायचे, कळांचा आवाज येतोय का. एकदा ती म्हणाली, "काय गं मासेवाली, पाणी गेलं का?" मी म्हणाले, "न्हाई, हात दुखायलेत."

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही असं मला दोनदा वाटलं, पण ती सोडली तर बाकीचं लिहिण्यात खोट राहील. पहिल्या महिन्यात आईनं फोनवर विचारलं होतं, "सोबतीला कोन्ती पोरगी हाय? कुनापैकी?"

"मानवतकडची हाय. शेतावरच्या घरची."

"ते न्हाई इचारलं मी."

"कळलं मला," असं म्हणून मी दुसरंच काहीतरी बोलले. ती बौद्ध घरातली आहे हे मी आईला सांगितलं नाही. उगाच बोलणं वाढायला नको, एवढाच तेव्हा विचार होता, आणि मनातून मी स्वतःला आईपेक्षा बरी समजत होते. पण टिपणं जायला लागल्यावर तो प्रश्न माझ्या डोक्यात परत फिरायला लागला. या वेळी तो आईच्या आवाजात नव्हता.

पाचव्या रविवारी मी सापळा लावला. शब्द मोठा आहे, पण मी मनात तोच वापरला होता. येलदरीला त्या दिवशी दोघींशीच बोलणं झालं. दोघींची टिपणं नेहमीसारखी लिहिली. मग जीपची वाट बघताना त्याच फोल्डरमध्ये तिसरं टिपण लिहिलं. "आज सरांचा फोन आला होता. स्पर्धेला माझा प्रकल्प जाणार. इतक्यात कुणाला सांगू नको म्हणाले." सरांचा काही फोन आला नव्हता. मला वाटलं, तिनं हे वाचलं तर तिच्या तोंडावर दिसेल, आणि काढून टाकलं तर फोनमध्ये दिसेल. दोन्हीकडून सापडेल. लिहिताना वर श्री लिहायला बोट गेलं होतं, पण मी थांबले. धडधडीत खोटं लिहायचं आणि वर श्री, हे करायला काही मन धजेना. तसंच सुरू केलं.

खोलीवर आले. ती वांगी चिरत होती. मी मुद्दाम फोन गादीवर टाकून नळावर गेले, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाय घासले, आणि परत येऊन अ‍ॅप उघडलं. खोटं टिपण जसंच्या तसं होतं. खऱ्या दोन टिपणांपैकी एक गेलं होतं. आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिनं विचारलं, "तिखट घालू का कमी करू?"

मला वाटलं, ही तर माझ्यापेक्षा लय हुशार निघाली. सापळा ओळखून तिनं त्याला हात लावला नाही आणि खरं तेवढं उचललं. जेवताना मी एक शब्द बोलले नाही. एकदा संशय बसला की सगळं त्यालाच जाऊन चिकटतं, हे आता लिहिताना मला दिसतं. टिपण गेलं असतं तरी ती चोर ठरली असती. गेलं नाही तरी ठरलीच.

सोमवारी दुपारी तास संपवून आम्ही खोलीवर आलो. तिनं पायातली चप्पल काढली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "अभिनंदन."

"कशाचं?"

"मलाच कशाचं म्हनून इचारायलीस? काल रातभर वाट बघितली मी, आता सांगल मग सांगल. एवढी आनंदाची गोष्ट, आन् तू जेवताना तोंडसुद्धा उघडलं न्हाईस. मला राग आला असता असं वाटलं का तुला?"

"म्हणजे तू वाचलंस."

"वाचलं तर. माझ्याच लॅपटॉपवर उघडं पडलं होतं. तुझी सगळीच दिसतात मला, आपोआप येतात ती."

"मग बाकीची पण तूच काढलीस." हे माझ्या तोंडून इतक्या पटकन गेलं की मलाच ते दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

तिला आधी कळलंच नाही. "काढली? काय काढलं?"

"माझी टिपणं. येलदरीची. लॅबमध्ये दाखवलं मला सरांनी. लॅपटॉपवरून बदल झालाय. सहा चाळीसला. मी नळावर होते. आणि त्या आजीचा डोळा तुला कसा माहीत?"

"आजीचा डोळा?" ती माझ्याकडं बघत राहिली. "तूच सांगितलास की! आल्या आल्या, चहा पिताना. डोळा मिटून दाखवलास, असा. आठव."

मला आठवलं. मी डोळा मिटून, हातात चहाच्या कपाचा कान धरून, गाठ मारून दाखवली होती. आम्ही दोघी हसलो होतो.

ती गादीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बस हितं. दाखव कोन्ती गेली. आज हे कळल्याबिगर मी पानीसुद्धा पिनार न्हाई."

मी लांबच बसले. तिनं आधी स्वतःची टिपणं उघडली. एकाखाली एक नावं होती. मानवत, पहिली मावशी. मानवत, रुई वेचणारी. मानवत, दोन पोरींची आई. मग माझी उघडली. रविवारचं फोल्डर, आत एक टिपण, नाव श्री. आधीच्या रविवारचं फोल्डर, आत एक टिपण, नाव श्री. त्याच्या आधीचं, श्री. कालच्या फोल्डरमध्ये दोन होती. एकाचं नाव श्री आणि दुसऱ्याचं नाव "आज सरांचा फोन आला होता."

"हे नाव कोन देतंय?" तिनं विचारलं.

"मी न्हाई देत. तेच घेतं."

"कुठून घेतं?"

आम्ही दोघी पडद्याकडं बघत होतो. मग तिनं एक नवीन फोल्डर केलं आणि माझ्या हातात माझा फोन दिला. "वायफाय बंद कर. आता दोन टिपनं लिही. दोन्हीवर श्री लिही. एकात लिही वांगी, एकात लिही भेंडी."

मी लिहिलं. फोनमध्ये दोन्ही दिसत होती. तिनं वायफाय लावायला सांगितलं. लॅपटॉपवर श्री आलं, आत वांगी. क्षणभरानं तेच श्री हललं आणि आत भेंडी झालं. वांगी कुठंच नव्हती. मग फोनमधलीही वांगी गेली. आणि खाली बारीक अक्षरं आली : शेवटचा बदल, लॅपटॉपवरून. आम्ही दोघींनीही लॅपटॉपच्या कळांना हात लावला नव्हता.

"पहिल्या ओळीचं नाव करतंय ते," ती म्हणाली. "आन् एका फोल्डरात एका नावाचं एकच ठेवतंय. नवीन आलं की जुन्यावर बसतंय. मग लॅपटॉपवर जसं हाय तसं फोनमध्ये करून टाकतंय. तू सगळ्या बायांना एकच नाव दिलंस."

खोटं टिपण राहिलं, कारण त्याच्यावर श्री नव्हतं. हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, कारण तेव्हाच तिला कळलं की ते टिपण खोटं आहे आणि कशासाठी लिहिलं होतं.

"म्हणजे सरांचा फोन आलाच न्हाई?"

"न्हाई."

"मला धरायला लिवलंस."

तिनं थोडा वेळ लॅपटॉपच्या कडेवर नख घासलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "एक सांग. माझ्या जागी खोलीत दुसरी कुनी असती, तुमच्यातली, तर तिच्यावर शक घेतला असतास का गं?"

मी हो म्हणू शकले असते. अ‍ॅपवर लॅपटॉपचं नाव आलं होतं, वेळ आली होती, लॅबवाल्या सरांनी सांगितलं होतं. कुणावरही घेतला असता, असं म्हणता आलं असतं आणि ते कदाचित खरंही असेल. पण मला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना हो म्हणायला जीभ वळली नाही. मी नुसती बसून राहिले. तिनं उत्तराची वाट पाहिली तेवढी पाहिली, आणि पुन्हा पडद्याकडं वळली.

जुन्या प्रती तिनंच शोधून काढल्या. श्री या टिपणावर एके ठिकाणी दाबलं की त्याच्या आधी त्या नावाखाली काय काय होतं ते दिसतं. तिसऱ्या रविवारच्या श्रीच्या पोटात तराफ्यावर जाणारी होती, तिच्या खाली मासे वाळवणारी, तिच्या खाली जिंतूरच्या बाजारात टोपली घेऊन जाणारी. सगळ्या एकीवर एक बसलेल्या. काल गेलेलीही तशीच सापडली. ती एकेक उघडत गेली आणि मी वहीत उतरवत गेले. पण अ‍ॅप जुन्या प्रती तीसच दिवस ठेवतं. दुसऱ्या रविवारच्या दोघींना महिना उलटून गेला होता. त्या गेल्या त्या गेल्याच. बसस्टँडवर मी काढून टाकलेल्या चौघी तर कुठंच नव्हत्या.

चौदा बायांशी बोलून झालं होतं, हातात आठ टिपणं होती, आणि प्रकल्प द्यायला तीन आठवडे उरले होते.

पुढचे दोन रविवार मी त्या सहाजणींकडं परत गेले. हे मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. एकदा सांगितलेलं माणूस दुसऱ्यांदा तसंच सांगत नाही. एक जण म्हणाली, "मागं सांगितलं ना बाई, आता काय नवीन सांगू?" आणि खरंच चार वाक्यांत उरकून मोकळी झाली. डाव्या डोळ्यानं न दिसणाऱ्या आजी जाळ्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "परत काहून आलीस? म्या सांगितलेलं खोटं वाटलं का?"

"न्हाई आजी."

"मग? कुनी सांगितलं का तुला, म्हातारी थापा मारती म्हनून?"

"कुणीच न्हाई सांगितलं. माझ्याच हातून पुसलं गेलं."

"तुज्याच हातून?"

"व्हय. माझ्याच."

आजींनी उजवा डोळा बारीक करून माझ्याकडं नीट पाहिलं, आणि हातातली गाठ पुरी करून मग बोलायला लागल्या. या वेळी त्यांनी पहिल्यापेक्षा कमी सांगितलं. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही.

शेवटच्या रविवारी एक नवीन बाई भेटली आणि पंधरा पूर्ण झाली. सरांनी तारखा पाहून विचारलं, "या सहाजणी एकदम शेवटी कशा?" मी काय झालं ते सांगितलं, संशयाचा भाग सोडून. ते म्हणाले, "पुढच्या वेळी नाव नीट देत जा," आणि सही केली. स्पर्धेला आमच्या दोघींपैकी कुणाचाच प्रकल्प गेला नाही.

प्रकल्पात सुरुवातीला ऋणनिर्देशाचं एक पान असतं. त्यावर मी सरांचे, ग्रंथालयाचे, येलदरीच्या बायांचे, आईवडिलांचे आभार मानले होते आणि शेवटी रूममेटचं नाव लिहिलं होतं. छापायला देण्याआधी ते पान मी तिला दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "माझं काढ."

"काहून?"

"कुनी इचारलं, हिची कसली मदत झाली, तर काय सांगशील? पूर्ण सांगशील का?"

मी नाव काढलं.

आम्ही अजून एकाच खोलीत राहतो. ती मला अजून मासेवाली म्हणते, पण रोज नाही. भाकरी तीच करते, भांडी मीच घासते. लॅपटॉपही ती देते, मागितला की लगेच देते. पण आता मागावा लागतो. तो आता मिटलेला असतो आणि त्याला पासवर्ड आहे. ती तो स्वतः टाकते आणि मग माझ्याकडं सरकवते. ती टाकत असताना मी मान वळवून खिडकीकडं बघते. तिनं मला तसं कधी सांगितलेलं नाही.